करून राहिलो म्हणजे राहिलं नाही

अकोल्यात माणसं सगळ्यात जास्त काम उन्हाळ्यात करतात, हा शोध माझ्या नावावर आहे. कुणाही शहाण्या माणसाला विचारा, तो सांगेल की मे महिन्यात अकोल्याचा माणूस फक्त जीव धरून बसण्याचं काम करतो. पण माझ्याकडे त्याविरुद्ध पुरावा होता. एका जिनिंग फॅक्टरीच्या कचेरीत मी संगणकांवर एक सॉफ्टवेअर बसवलं होतं. एप्रिल लागला की तिथले कारकून एकजात कामसू व्हायचे. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा त्यांचे हात थांबत नसत. मृग लागला की तीच माणसं ढेपाळायची. शेठजींनी यावरून सिद्धांत काढला की ऊन माणसाला शिस्त लावतं, आणि त्या जोरावर ते पावसाळाभर कारकुनांवर डाफरत राहिले.

एका दुपारी मी तिथे वायर बदलायला गेलो. कारकून पान खायला बाहेर गेलेले, खोलीत चिटपाखरू नाही, आणि टेबलावरचा माउस आपला आपण सरकतोय. क्षणभर माझ्याही अंगावर काटा आला. वाकून पाहिलं तर खिडकीतला जुना लोखंडी कूलर घरघरत होता, टेबल त्याला टेकवलेलं होतं आणि त्या थरथरीनं माउस सारखा हलत होता. सॉफ्टवेअरच्या मते ते त्या क्षणी फॅक्टरीतलं सगळ्यात मेहनती टेबल होतं. मी शेठजींना काही बोललो नाही. कारकुनांनी मला चहा पाजला आणि पुढच्या उन्हाळ्यात आणखी दोन टेबलं खिडकीकडे सरकलेली दिसली.

माझा धंदा समजायला खरं तर एवढं पुरे आहे. तरी ज्यांचा संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. कचेरीतल्या प्रत्येक संगणकात हे सॉफ्टवेअर बसवतात. कीबोर्डवर बोट पडलं, माउस हलला, की ते म्हणतं माणूस काम करतोय, आणि कोपऱ्यात हिरवी खूण दाखवतं. दोन मिनिटं काहीच हललं नाही की खूण लाल होते आणि माणूस ‘निष्क्रिय’ ठरतो. मग पडद्यावर एक चौकट उघडते आणि विचारते, ‘आपण या वेळेत काय करत होतात?’ त्यात उत्तर लिहायचं. आठवड्याच्या शेवटी सगळ्यांना गुण मिळतात आणि ते मालकाकडे जातात. माणूस काय करतो ते सॉफ्टवेअरला कळत नाही. माणसाचा हात हलतो की नाही एवढंच कळतं. पण मालक लोकांना तेवढंच पुष्कळ वाटायचं.

बनवणाऱ्या कंपनीनं त्याला भारी इंग्रजी नाव दिलं होतं. आमच्याकडे लोक त्याला ‘मुकादम’ म्हणत. वावरात मजुरांच्या मागे बांधावर उभा राहतो तो मुकादम. फरक एवढाच की तो निदान मधूनमधून बिडी प्यायला तरी जातो.

मी अमरावतीच्या एका संगणकाच्या दुकानात नोकरीला होतो आणि अमरावती ते अकोला एवढा टापू माझ्याकडे होता. वऱ्हाडाची ती वाईट वर्षं. कापसाला भाव नाही, विहिरींना पाणी नाही, पेपर उघडावा तर पहिल्या पानावर रोज तेच. आणि नेमका त्याच वर्षांत आमचा मुकादम जोरात खपत होता. याचं कारण सोपं आहे. पीक बसलं की बाजार बसतो, आणि बाजार बसला की मालकाला वाटतं नोकर बसलाय.

माझे वडील अकोल्याच्या जुन्या शहरात घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून दिवसभर चाकांवर वाकलेले. मी सुरुवातीला मोठ्या ऐटीत त्यांना माझं काम समजावून सांगितलं. त्यांनी भिंग न काढता ऐकून घेतलं आणि विचारलं, “मतलब आदमी को घड़ी बना देते तुम लोग?” मी म्हटलं, तसंच काहीसं. तर म्हणाले, “फिर चाबी किसके पास रहती?” मी म्हटलं, मालकाकडे. ते पुन्हा घड्याळावर वाकले आणि त्या विषयावर आयुष्यात परत बोलले नाहीत. मला राग आला होता. आता इतक्या वर्षांनी वाटतं, त्यांना उत्तर आधीच माहीत होतं.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

अमरावतीत बडनेऱ्याच्या रस्त्याला एका व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यावर शेतकऱ्यांसाठी फोनवर सल्ला देणारं एक केंद्र निघालं. चालवणारी कंपनी पुण्याची. डझनभर मुलंमुली कानाला हेडफोन लावून बसायची. कास्तकारानं फोन करायचा, पराटीवर, म्हणजे कपाशीवर, अमुक कीड पडली म्हणायचं, यांनी तमुक औषध सांगायचं, आणि ते संगणकात टाइप करायचं. पुण्याहून सगळ्यांवर लक्ष ठेवायला आमचा मुकादम होता, आणि मुकादमाची देखभाल करायला मी.

पुण्याचे साहेब म्हणजे निखिल सर. वयानं माझ्याहून लहान, बोलायला गोड, आणि कधीही आवाज न चढवणारे. वऱ्हाड त्यांनी तोवर फक्त नकाशात पाहिलं होतं. पहिल्याच महिन्यात त्यांचा फोन आला, “अकीलजी, दुपारी सगळे एकदम निष्क्रिय कसे होतात? काही संगनमत आहे का?” मी म्हटलं, आहे सर, लाइन जाते. त्यांना वाटलं फोनची लाइन. मग भारनियमन काय असतं, ते गावात किती आणि शहरात किती, हे सगळं मी समजावलं. एवढं सांगून झाल्यावर ते म्हणाले, “मग त्या वेळात ते काय करतात?” मी म्हटलं, फोनवर बोलतात सर, फोन चालू असतात, संगणक बंद असतात. “म्हणजे निष्क्रियच ना,” ते म्हणाले. त्यांच्या पद्धतीनं ते बरोबरच होतं.

या केंद्रात शोभाताई गावंडे होत्या. शेतकीचा डिप्लोमा केलेल्या, तिवशाच्या सून, रोज एसटीनं येणं-जाणं. घरी काळं रान, पण विहीर आटलेली, आणि महिन्याच्या महिन्याला घरात येणारा पैसा म्हणजे यांचा पगार. मुलगी अमरावतीत नर्सिंगला होती ती त्याच पगारावर. म्हणजे ही नोकरी गेली असती तर त्या घरात बरंच काही एकाच वेळी थांबलं असतं. त्या स्वतः हे कधी बोलल्या नाहीत. हे मला केंद्रातल्या इतरांनी सांगितलं.

स्वभाव गोड होता असं मी म्हणणार नाही. खुर्चीचं चाक निघालं म्हणून त्या माझ्याशी भांडल्या होत्या, आणि खुर्ची हा माझा विभाग नाही हे त्यांनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही. फोनवर म्हणायचं वाक्य कंपनीनं छापून दिलं होतं, ‘नमस्कार, मी आपली काय सेवा करू शकते?’ शोभाताई म्हणायच्या, “बोला.” समोरच्यानं बिनकामाची फवारणी केली असली तर त्याला झापायच्या, “कोण सांगतलं तुमाले हे? दुकानदारानं? मंग त्याच्याच वावरात मारा.” लोकांना ते आवडायचं. कितीतरी फोन यायचे की मले त्या तिवशाच्या बाईशीच बोलाचं हाये.

त्यांची कामाची एक रीत होती. फोन आला की दोन्ही हात मांडीवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. फोन संपला की मग टाइप करायचं. सुरुवातीला संकुलाच्या पहारेकऱ्याला वाटलं होतं बाई झोपतात. मुकादमालाही तेच वाटलं. दोन मिनिटं झाली की खूण लाल, आणि चौकट उघडून विचारायची, काय करत होतात? बाकीची मुलं त्या चौकटीत नुसतं एक टिंब टाकून मोकळी व्हायची. शोभाताईंना ते असभ्य वाटायचं. कुणी सरळ विचारलं तर सरळ उत्तर द्यावं, या मताच्या त्या होत्या. म्हणून त्या प्रत्येक वेळी पूर्ण वाक्य लिहायच्या. ‘ऐकून राहिली होती.’ ‘फवारणीचं सांगून राहिली होती.’ ‘भाऊ विचार करून राहिले होते.’

इथेच घोळ झाला.

मुकादमाला पुण्यात मराठी शिकवलं होतं. चौकटीतलं उत्तर वाचून तो कामाची वर्गवारी करायचा. उत्तरात ‘झाले’, ‘केले’ असलं की काम पूर्ण. ‘राहिले’, ‘राहिलो’, ‘राहिली’ असलं की काम शिल्लक. पुण्याच्या दृष्टीनं यात काहीच चूक नव्हती. तिकडे काम राहिलं म्हणजे राहिलं. आमच्याकडे मात्र माणूस जेवून राहते, झोपून राहते, येऊन राहते आणि जाऊनही राहते. वऱ्हाडात आत्ता या क्षणी जे जे घडतं ते सगळं ‘राहते’ या शब्दावरच घडतं. पण हे पुण्याच्या मुकादमाला कोण सांगणार?

महिना संपला आणि शोभाताईंना नोटीस आली. ‘आपल्याकडील खालील कामे प्रलंबित आहेत, ती आठ दिवसांत पूर्ण करावीत, अन्यथा सेवा समाप्त करण्यात येईल.’ खाली कामं होती. ऐकणे, सांगणे, विचारणे, समजावणे. आणि एका ओळीत होतं, काका रडणे.

त्यांनी मला बोलावून घेतलं. “अकीलभाऊ, पाहा बरं तुमच्या मुकादमाले काय झालं. मी कोनतं काम ठेवलं?”

मी नोटीस वाचत गेलो आणि शेवटच्या ओळीवर मला हसू आवरेना. त्या हसल्या नाहीत.

“हासून काऊन राहिले? माही नोकरी जाऊन राहिली इकडे.”

मुकादमाच्या हिशेबानं पाहिलं तर नोकरी जायची राहिली होती, म्हणजे शाबूत होती. पण हे त्यांना ऐकवायची माझी हिंमत झाली नाही. मी निखिल सरांना फोन लावला.

“सर, त्या बाईंचं काहीही शिल्लक नाहीये.”

“अकीलजी, त्यांनी स्वतः लिहून दिलंय. ऐकायचं राहिलं, सांगायचं राहिलं.”

“ऐकायचं राहिलं नाही सर. ऐकून राहिल्या.”

“तेच ना. राहिल्या.”

“नाही सर. राहिलं वेगळं आणि करून राहिलं वेगळं.”

“बरं. मग काम झालं का?”

“झालं नव्हतं, होऊन राहिलं होतं.”

“म्हणजे व्हायचं राहिलं होतं.”

“व्हायचं राहिलं म्हणजे राहिलं सर. होऊन राहिलं म्हणजे राहिलं नाही.”

शोभाताई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातला फोन घेतला.

“साहेब, तुमी आता काय करून राहिले?”

“मी? मी बोलतोय तुमच्याशी.”

“हां. तर तुमी माह्याशी बोलून राहिले. तुमचं काई राहिलं का?”

निखिल सर हुशार माणूस. ते हसायला लागले. नोटीस त्याच दिवशी मागे घेतली आणि मुकादमाला नवा धडा शिकवण्यात आला. ‘राहिले’च्या आधी ‘करून’, ‘ऐकून’, ‘जाऊन’ असं काही आलं की ते काम ‘चालू’ समजायचं. हा धडा मी स्वतः संगणकात घातला. वऱ्हाडी व्याकरण अकोल्याच्या एका घड्याळजीच्या पोरानं पुण्याला शिकवलं, याची घमेंड मला आजही आहे आणि ती मी लपवत नाही.

पण शोभाताईंचं संकट त्यानं सरलं नाही. शब्दाचा घोळ निस्तरला तरी हात मांडीवरच होते. खूण लाल व्हायची ती व्हायचीच. आठवड्यामागून आठवडे गुणांत त्या तळाला. नोकरीचा करार वर्षाचा होता आणि नव्या वर्षी तळाच्या माणसाला काढायचं असा नियम होता. मी त्यांना बाजूला घेऊन जिनिंगच्या कूलरची गोष्ट सांगितली. म्हटलं, ताई, तुमचं टेबल खिडकीकडे सरकवून देतो, कुणाला कळणार नाही.

त्यांनी सरळ विचारलं, “कूलर माह्या वतीनं आयकन काय?”

मी टेबल होतं तिथेच राहू दिलं.

त्याच सुमारास निखिल सर स्वतः अमरावतीत आले. डोक्याला टोपी, हातात पाण्याची बाटली, आणि उन्हानं चेहरा लालबुंद. त्यांना बघायचं होतं की ज्या बाईंना लोक नाव घेऊन मागतात त्या गुणांत तळाला कशा. मी शोभाताईंच्या फोनला दुसरा हेडफोन जोडून दिला. सर शेजारी खुर्ची ओढून बसले. माझा एक कान जोडणी तपासायच्या निमित्तानं तिसऱ्या हेडफोनला होता.

फोन मोर्शीकडून होता. केंद्रात त्यांना सगळे संत्र्याचे काका म्हणत. केंद्र निघाल्यापासून फोन करायचे. आधी फळगळ होते म्हणून, मग पानं पिवळी पडतात म्हणून, मग बोअरचं पाणी खाली गेलं म्हणून. त्या दिवशी त्यांनी काहीच विचारलं नाही.

“पोरी, आज तोडून राहिलो.”

“किती?”

“बोअरकडचे सारे.”

मागे करवतीच्या मशीनचा आवाज येत होता. थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. शोभाताईंचे हात मांडीवर, डोळे मिटलेले.

“तुही काकू म्हने, हा बहार तरी पाहू द्या. म्या म्हटलं, पानी कोठून आनू?” मग बराच वेळ नुसता मशीनचा आवाज. खूण लाल झाली. चौकट उघडली, ‘आपण या वेळेत काय करत होतात?’ निखिल सर त्या चौकटीकडे बघत होते.

“एक ठेवला,” काका म्हणाले. “कोपऱ्यातला. त्याले कधी धड फळ आलंच नाई. पन सावली मस्त होती त्याची.”

“ठेवा त्याले,” शोभाताई म्हणाल्या.

“ज्यायनं देल्लं ते तोडले, आन् हा रिकामा उभा होता तो ठेवला. लोक हासतीन मले.”

“हासू द्या. तुमी जेवले काय?”

“नाई अजून.”

“मशीन बंद कराले सांगा. जेवा पयले. मंग लावा मले फोन.”

फोन संपला. शोभाताईंनी डोळे पुसले, चौकट पाहिली आणि त्यात लिहिलं, ‘ऐकून राहिली होती.’ मग सल्ल्याच्या रकान्यात काय लिहावं यावर त्या थोडा वेळ थांबल्या. शेवटी लिहिलं, ‘जेवण करावे.’

निखिल सरांनी हेडफोन काढला आणि ते जिन्यात जाऊन उभे राहिले. मी मागोमाग गेलो. माणूस खरंच हलला होता, त्यात खोटं काही नव्हतं. म्हणाले, “अकीलजी, यात टाइप काय करणार होत्या त्या?” थोडा वेळ ते रस्त्याकडे बघत राहिले आणि एकाएकी त्यांचा चेहरा उजळला. हुशार माणसाला वाईट वाटलं की तो त्यावर तोडगा काढतो, आणि तोडगा निघाला की त्याचं वाईट वाटणं संपतं. “आपण एक बटण देऊ. ‘ऐकत आहे.’ ज्याला ऐकायचं असेल त्यानं ते दाबायचं. खूण हिरवीच राहील.”

मलाही ते पटलं. दोनच दिवसांत मी प्रत्येक पडद्यावर छान हिरवं बटण बसवून दिलं. एकदा दाबलं की दोन मिनिटं हिरवं, मग पुन्हा दाबायचं. त्या संध्याकाळी सरांनी मला गिला वडा खिलवला आणि आम्ही दोघांनी एकमेकांची पाठ थोपटली.

महिनाभरात अमरावतीच्या केंद्रात ऐकण्याची लाट आली. सगळे ऐकू लागले. अमोल म्हणून एक मुलगा होता, तो उजव्या हातात मोबाइल धरून क्रिकेटचा स्कोअर बघायचा आणि डाव्या हातानं ‘ऐकत आहे’ दाबायचा. दोघी मैत्रिणी आपसात गप्पा मारताना आळीपाळीनं एकमेकींचं बटण दाबायच्या. फोन नसतानासुद्धा लोक ऐकत होते. महिन्याचा अहवाल आला तेव्हा त्यात दिसलं की केंद्रात जितका वेळ फोन चालले त्याहून जास्त वेळ ऐकलं गेलं होतं. पुण्याच्या वरच्या साहेबांनी अभिनंदनाचं पत्र पाठवलं.

आणि शोभाताईंच्या नावापुढे ऐकणे शून्य.

कारण त्या ऐकत होत्या. डोळे मिटलेले, हात मांडीवर. दर दोन मिनिटांनी एक बटण दाबायचंय हे त्यांच्या ध्यानातच यायचं नाही. अख्ख्या केंद्रात खरोखर ऐकणारं माणूस ते एकच, आणि ‘ऐकत आहे’ न दाबणारंही तेच. मी कळवळून सांगितलं, “ताई, दाबत जा ना. एवढंच तर करायचंय.”

“पाह्यलं करून,” त्या म्हणाल्या. “दाबाचं ध्यानात ठेवलं का आयकनं सुटते. एकडाव एक बाई सांगून राहिली होती, आन् माह्या डोक्यात बटण. तिनं दोनदा तेच सांगतलं, तवा मले समजलं. दोन्ही नाई होत माह्याकून.”

करार संपत आला. मी निखिल सरांना फोन केला. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

“मला माहीत आहे अकीलजी, त्या ऐकतात. पण वर दाखवायला माझ्याकडे काही नाही.”

“तुम्ही स्वतः शेजारी बसून ऐकलंय सर.”

“तो माझा अनुभव झाला. डेटा नाही.”

त्यांच्यावर मला तेव्हा संताप आला होता. आज येत नाही. माणूस वाईट नव्हता. त्याच्याही टेबलावर कुणीतरी मुकादम बसवलेला असणार.

शेवटच्या दिवशी शोभाताईंनी टेबल पुसलं, चाक निघालेली खुर्ची मला पुन्हा एकदा दाखवली आणि संगणक बंद करायला बसल्या. मुकादम बंद होताना शेवटचा प्रश्न विचारतो, ‘आपण आता काय करत आहात?’ त्यात त्यांनी नेहमीप्रमाणे सरळ उत्तर लिहिलं, ‘जाऊन राहिली.’ मग पिशवी उचलली आणि तिवशाच्या एसटीसाठी निघाल्या. मी खाली रस्त्यापर्यंत सोडायला गेलो. माझ्या तोंडून निघालं, माफ करा ताई. त्या म्हणाल्या, “तुमी काय केलं? तुमी तं मशीन बसवनारे.” त्यांनी ते सांत्वन म्हणून म्हटलं असेल, पण मला ते फार लागलं.

काही महिन्यांनी निखिल सरांचा फोन आला. वैतागलेले होते. “अकीलजी, त्या गावंडे बाई सोडून गेल्या ना? मग सिस्टिममध्ये त्या अजून काम करताना का दिसतायत? वरून विचारणा आलीय.”

मी पाहिलं आणि कपाळावर हात मारला. आम्हीच मुकादमाला शिकवलं होतं, ‘जाऊन राहिली’ म्हणजे काम चालू. त्यानं इमानेइतबारे तेच धरून ठेवलं होतं. बाकी सगळ्यांच्या खुणा संध्याकाळी विझायच्या. शोभा गावंडे या नावापुढे रात्रंदिवस एकच शब्द होता, ‘चालू’.

सर म्हणाले, खोडून टाका. खोडायला शोभाताईंची सही लागत होती, म्हणून मी तिवशाला गेलो. स्टँडजवळच्या एका बी-बियाण्याच्या दुकानात त्या काम करतात असं कळलं. पगार जेमतेम, मुलीनं नर्सिंग पूर्ण करायला एका दवाखान्यात पार्टटाइम काम धरलेलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. गल्ल्यामागे स्टुलावर शोभाताई बसलेल्या, स्वतःचा मोबाइल कानाला, दुसरा हात मांडीवर, डोळे मिटलेले.

मी समोर उभा राहिलो. त्यांनी डोळे किलकिले करून मला पाहिलं, बोटानं थांबा म्हणून खूण केली आणि फोनवर हात ठेवून हळूच म्हणाल्या, “संत्र्याचे काका हायेत. त्या कोपऱ्यातल्या झाडाखाली बाज टाकून बोलून राहिले.” आणि पुन्हा डोळे मिटले.

मी खताच्या पोत्यावर टेकलो. मधे एक गिऱ्हाईक आलं, त्याला मीच बसायला सांगितलं. तोही काही न बोलता बसला, बहुधा त्याला सवय असावी. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. आयुष्यभर लोकांची मिनिटं मोजणारा मी, पण त्या दिवशी घड्याळ बघायचं मला सुचलं नाही. सहीचा कागद खिशातच राहिला.

परतताना स्टँडवरून निखिल सरांना फोन केला.

“झाली का सही?” त्यांनी विचारलं.

“नाही सर. आणि खोडायची गरज नाही. मुकादमाची चूक नाहीये. बाई काम करून राहिल्या.”

मग निखिल सर हळू आवाजात म्हणाले, “म्हणजे... राहिलं नाही.”

“नाही सर,” मी म्हटलं. “त्यांचं काहीच राहिलं नाही.”